तळ्याचं पाळीपत्रक

बुधवार, १५ जानेवारी. सकाळी ९.

नवी वही, हिरवी शाई. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण अक्षर अजून खात्यातलंच आहे. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. इन्शिराहने वाचू नये. (इन्शिराह, वाचत असलीस तर इथेच थांब.)

विषय : घरासमोरचं तळं. लांबी बारा पावलं, रुंदी आठ, खोली पाच विती. रंग हिरवा. किती हिरवा, याबद्दल नवराबायकोत मतभेद. माझ्या मते पोपटी. इन्शिराह म्हणते, मुलूखियाच्या भाजीचं पातेलं आहे नुसतं, वरून लसणाची फोडणी तेवढी द्यायची राहिलीय. वास : किंचित. गेल्या शम्म अल-नसीमच्या वसंतसणाला सगळं गणगोत तळ्याकाठी जेवायला बसलं आणि नाक धरून आत पळालं. हातात काय होतं त्यांच्या? फसीख! महिनाभर मिठात मुरवलेला मासा, ज्याच्या वासाने मांजरंसुद्धा चार पावलं मागे सरतात. तो खाणाऱ्यांनी माझ्या पाण्याला नावं ठेवावीत!

काल जेवताना निकाल लागला. येत्या शम्म अल-नसीमला, म्हणजे २१ एप्रिलला, इन्शिराह आपल्या लग्नातली पांढरी थाळी दोरीला बांधून तळ्यात सोडणार. थाळी तळाला टेकल्यावर काठावरून दिसली, तर तळं राहील. नाही दिसली, तर दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ फिक्री ट्रॅक्टर आणून तळं मातीने बुजवणार आणि त्यावर बदकांचं खुराडं होणार. फिक्री जेवायला होताच. (असतोच.) माती कुठून आणायची तेही त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मी लगेच हो म्हणालो. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. पाणी मला ओळखतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.

नाहिदचा फोन. आमची मुलगी, टांटा शहरात शाळेत विज्ञान शिकवते. तिने उपाय सांगितला. तळ्याशेजारी उथळ खड्डा खणायचा, ताडपत्री अंथरायची, खडी भरायची, खडीत बोरू, म्हणजे कालव्यात माजून पाणी अडवणारं ते उंच पाणगवत, लावायचे. पंपाने तळ्यातलं पाणी खडीच्या तळाशी सोडायचं. ते मुळांमधून वर चढतं. मुळांवरचे आणि खडीवरचे जंतू घाण खातात, उरलेलं बोरू खातात, आणि निवळ पाणी काठावरून ओघळून परत तळ्यात. मी म्हणालो, हे मला माहीतच होतं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तर जन्मभर बोरू उपटत आलात. मी म्हणालो, म्हणूनच.

फोन ठेवल्यावर जरा बसून राहिलो. बोरू! कालव्यात एक काडी दिसली की माझं टाळकं सरकायचं. मुळासकट, एक काडी दिसता कामा नये! हे वाक्य मी एकतीस वर्षं काठावर उभा राहून ओरडलो आहे. आता त्याच बोरूंना घरी पाहुणे म्हणून आणायचं.

ठीक आहे. मी त्यांना माफ केलं.

शनिवार, १८ जानेवारी.

हिवाळी बंद सुरू झाला. कालवे कोरडे, साफसफाई जोरात. आमच्या कालव्यावर सअदावीची टोळी. सअदावी माझ्या हाताखाली तयार झालेला मुकादम. मला पाहताच चिखलातून उडी मारून वर आला, छातीवर हात ठेवून म्हणाला, बाशमुहंदिस! मी काही मुख्य इंजिनियर नाही, साधा इंजिनियरही नाही. पण लोक प्रेमाने देतात ती पदवी नाकारणं उद्धटपणाचं दिसतं.

मी म्हटलं, साठ बोरू हवेत, मुळांसकट, हळू काढ, जिवंत राहिले पाहिजेत. तो म्हणाला, जिवंत? मी म्हटलं, जिवंत. मग त्याने आवाज उतरवून विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, घरी लावायचेत. टोळीतले चौदाच्या चौदा जण फावडी टेकून माझ्याकडे पाहायला लागले. एकाने पुटपुटत दुआ मागितली. सअदावीने मला हाताला धरून सावलीत बसवलं, दुप्पट साखरेचा चहा पाजला आणि साठ बोरू ओल्या गोणपाटात तान्ह्या बाळासारखे गुंडाळून दिले. निघताना म्हणाला, टोळी तुमच्या एका हाकेवर आहे, फक्त निरोप धाडा.

भला माणूस. थोडा मंद.

सोमवार, २७ जानेवारी.

खड्डा झाला. चार पावलं बाय तीन. पाठ गेली. फिक्री रोज येऊन खुर्ची टाकून बसतो आणि पेरू खातो. म्हणतो, अबू नाहिद (नाहिदचा बाप, म्हणून घरात सगळे मला असंच म्हणतात), खणताच आहात तर निघालेली माती फेकू नका, एप्रिलमध्ये उपयोगी पडेल.

चाळीस पोती खडी आली. नाहिद म्हणते, आधी धुवा. दगडाला अंघोळ? विज्ञान शिकवणाऱ्यांना कधीकधी जगाचा अनुभव कमी असतो.

गुरुवार, ३० जानेवारी.

अल्लाचं नाव घेऊन पंप सुरू केला. पंपाची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत नेली आहे, पिन फ्रिजच्या मागे. पाणी खडीतून वर आलं, काठावरून ओघळलं. डोळे भरून आले. मग नीट पाहिलं. तळ्याचा चहा झाला होता, भरपूर दुधाचा. इन्शिराह म्हणाली, मुलूखिया होती तेच बरं होतं.

नाहिदने फोनवर विचारलं, बाबा, खडी धुतली होती ना? मी म्हणालो, हॅलो, हॅलो, आवाज येत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी.

खडी बाहेर काढली. धुतली : ९ पोती.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

धुतली : ७.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

धुतली : ४. फिक्री म्हणाला, कानामागे नीट चोळा.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

चाळीसही पोती धुऊन परत भरली. बोरू लावले, दोरी धरून, सरळ रांगेत, दहाच्या सहा रांगा. तीन आठवडे बादलीत राहून जरा सुकल्यासारखे दिसतात. इन्शिराह म्हणाली, कब्रस्तान छान झालंय. मी म्हटलं, विश्रांती घेताहेत. मला हे झाडपाल्याचं कळतं. शत्रूला जेवढं आपण ओळखतो तेवढं मित्राला ओळखत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ७.

आजपासून शास्त्रशुद्ध कारभार.

नाहिद म्हणते, पंप चोवीस तास चालला पाहिजे, पाणी थांबलं की खडीतले जंतू गुदमरून मरतात. हे ऐकून मला हसू आलं. चोवीस तास! सबंध मुलखाचं पाणी पाळीने फिरतं. पाच दिवस सुरू, दहा दिवस बंद. एवढाल्या शेतांना जे पुरतं ते बारा पावलांच्या तळ्याला पुरणार नाही? पाण्याला शिस्त लागते. सतत मिळणारं पाणी माजतं.

म्हणून पाळीपत्रक तयार केलं. हिरवी शाई, लाल रेघा. फ्रिजवर चिकटवलं. पिन लावणं-काढणं इन्शिराहकडे सोपवलं, कारण माझी पाठ फ्रिजमागे वाकत नाही. नियम तीन फार महत्त्वाचा : बंद काळात फिल्टरजवळ कोणीही फिरकायचं नाही, पाटकरीसुद्धा नाही. बंद काळात जो पाटाजवळ दिसतो त्याच्यावर पाणीचोरीचा संशय येतो. इथे पाटकरी मीच आहे, पण नियम तो नियम.

इन्शिराहने विचारलं, उरलेले दहा दिवस पाणी कोणाला जाणार? मी म्हणालो, कोणालाच नाही. ती म्हणाली, अबू नाहिद, या पाण्याला एकच गिऱ्हाईक आहे आणि तेही तुम्ही रांगेत उभं केलंत? मी पाळीपत्रकाचा सुटलेला कोपरा पुन्हा चिकटवला. धोरणाच्या प्रश्नांना स्वयंपाकघरात उत्तरं देत नसतात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

पहिली पाळी संपली. थाळीची चाचणी : दीड वीत खोलीपर्यंत दिसली! दोरीला वितीवितीवर गाठी मारल्या आहेत, म्हणजे फसवाफसवीला जागा नाही. (दीड ही माझी सरासरी आहे. उभं राहून एक, पालथं पडून दोन.)

सोमवार, २४ फेब्रुवारी.

दुसरी पाळी सुरू. दहा दिवस आराम केलेल्या खडीतून पाणी वर आलं ते काळं. वास : सडक्या अंड्यांचा. शेजाऱ्यांच्या म्हशीने दावं तोडलं आणि मळ्यातून थेट डांबरी रस्त्यापर्यंत पळत गेली. तिचं आधीपासूनच काहीतरी बिनसलेलं असावं.

थाळी : चार बोटं.

कारणं : (१) ढगाळ हवा. (२) म्हशीमुळे उडालेली धूळ. (३) चष्मा. नाहिदला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, जंतू मेले, पाणी थांबवू नका हो. इन्शिराहने माझ्या हातातून फोन घेतला आणि आत नेला. मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. बायकांचे विषय असतात.

शनिवार, १ मार्च.

रमजान सुरू. बंद काळही आजच सुरू. इन्शिराहला म्हटलं, पिन काढ. ती म्हणाली, काढते, काढते, तुम्ही जाऊन पडा जरा. उपवासात तिचा स्वभाव मऊ होतो, हे दरवर्षी पाहतो.

बुधवार, ५ मार्च.

कानात गुणगुण सुरू झाली आहे. बारीक, सतत, अगदी पंपासारखी. पंप बंद आहे, पाळीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. इन्शिराहला विचारलं, तुला काही ऐकू येतं का? ती म्हणाली, छे बाई! आणि घाईघाईने कतायफमध्ये अक्रोडाचं सारण भरायला बसली. अंगणात गेलो की आवाज वाढतो, आत आलो की कमी होतो. थंड हवेचा परिणाम.

रविवार, ९ मार्च.

गावातल्या कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने दोन्ही कानांत दिवा मारून पाहिलं, वय विचारलं, नोकरी विचारली. म्हणाला, एकतीस वर्षं पाण्याजवळ काढलीत, कानात पाणीच ऐकू येणार. थेंब दिले. रोज घालायचे, वर कापसाचे बोळे. किती हुशार डॉक्टर! कापूस घातला की आवाज पूर्ण बंद.

मंगळवार, ११ मार्च.

तिसरी पाळी आज सकाळी सुरू, आणि आज सकाळीच थाळी अडीच वीत दिसली! दहा दिवसांच्या शिस्तीचं हे फळ. पाणी विश्रांती घेऊन ताजंतवानं झालं. नाहिदला कळवलं. ती म्हणाली, वा बाबा! तिच्या आवाजात हसू होतं. बापाचं यश पाहून मुली अशाच हसतात.

मंगळवार, १८ मार्च.

बंद काळ. बोरूंना कोंब फुटले! साठांपैकी चोपन्न! नियम तीनमुळे जवळ जाता येत नाही, म्हणून गच्चीवरून दुर्बिणीने मोजले. हिरवेगार, बोटभर, टोकदार. एकेकाळी असा कोंब दिसला की मी सअदावीच्या नावाने शिमगा करायचो. आज मोजताना दोनदा चुकलो आणि तिसऱ्यांदाही आनंदाने मोजले.

एक काळजी. दुर्बिणीतून फिल्टरच्या काठावरून पाणी ओघळताना दिसलं. बंद काळात! म्हणजे कानापाठोपाठ डोळ्यांचाही त्रास सुरू झाला. ईदनंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

सोमवार, ३१ मार्च. ईद.

नाहिद आली. आल्या आल्या तळं पाहिलं, मग फ्रिजच्या मागे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. दोघी आत गेल्या, दार लावून घेतलं आणि इतक्या हसल्या की फिक्रीच्या हातातली कहकची बशी सांडली. ईदच्या बिस्किटांची पिठीसाखर त्याच्या मिशांवर. छान दिसत होता.

थाळी : चार विती! नाहिदने माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, बाबा, जसं चाललंय तसंच चालू द्या, काही म्हणजे काही बदलू नका. म्हणजे माझ्या पद्धतीला विज्ञानाची मान्यता मिळाली.

गुरुवार, ३ एप्रिल.

अशी गोष्ट घरात ठेवणं बरं नाही. खात्याला पत्र लिहिलं, पाच पानी. विषय : पाणी स्वच्छ ठेवण्याची बहगत पद्धत (बहगत म्हणजे मी), पाच दिवस सुरू आणि दहा दिवस बंद. आमच्या भागाच्या नव्या इंजिनियर रीहाम मॅडम आहेत, त्यांना २१ तारखेला पाहणीचं आणि फसीखचं आमंत्रण दिलं.

सअदावीलाही चिठ्ठी पाठवली. सोमवारी, २१ तारखेला, मॅडम पाहणीला येणार आहेत, टोळीसह यायचंच, माझी इभ्रत तुमच्या हातात. असं लिहिलं की माणसं वेळेवर येतात.

गुरुवार, १० एप्रिल. संध्याकाळ.

पाच विती!!

थाळी तळाला टेकली आणि दिसली. नुसती थाळी नाही, तिच्या कडेची निळी रेघ दिसली, आणि एका जागी उडालेला टवका दिसला. एक बुलती मासा थाळीवरून गेला, त्याची सावली थाळीवर पडली. आमच्या तळ्यात माशाला सावली आहे हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

इन्शिराह चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. बोरू आता कमरेइतके झालेत, वाऱ्यावर सळसळत होते. मी तिला म्हणालो, एकतीस वर्षं मी लोकांना पाणी वाटलं, त्यातला घोटभरही माझा नव्हता. हे पाणी माझं आहे. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, सुरेख झालंय हो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकाच गोष्टीकडे इतका वेळ न भांडता कधी बघत बसलो होतो, आठवत नाही. मला फार बरं वाटलं. असं वहीत लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

सोमवार, १४ एप्रिल.

रीहाम मॅडमचा होकार आला! सूट इस्त्रीला. टायची गाठ विसरलोय, सराव चालू. भाषण तयार आहे, बावीस मिनिटं. इन्शिराह म्हणाली, फसीख खाऊन बावीस मिनिटं कोणी उन्हात बसणार नाही. अठरा केलं.

फिक्रीचा चेहरा पाहण्यासारखा. त्याने मातीवाल्याला शब्द दिलाय म्हणे. मी म्हटलं, घाल तुझ्याच अंगणात.

कानातला आवाज कायम आहे, पण आता मला तो आवडायला लागलाय.

शनिवार, १९ एप्रिल.

सगळं तयार. उद्या दुपारी कानात थेंब घालून मस्त झोप काढायची, म्हणजे परवा चेहरा टवटवीत. आता काहीही चुकू शकत नाही.

रविवार, २० एप्रिल. संध्याकाळी ६.

काय झालं ते क्रमाने लिहितो.

इन्शिराह दुपारी बाजारात गेली, फसीख आणि पातीचे कांदे आणायला. मी दोन्ही कानांत थेंब घातले, कापूस घातला, गच्चीवरच्या खोलीत झोपलो. तीन तास. उठलो, खाली आलो.

अंगणात सअदावी आणि त्याची टोळी, चौदा माणसं, फावडी खांद्याला लावून एका रांगेत. सगळे घामाघूम, सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. त्यांच्या मागे माझा फिल्टर. म्हणजे खड्डा. एकही बोरू नाही. चोपन्नही बोरू उपटून, मोळ्या बांधून, फाटकाशी रचलेले. खडी बाजूला, कालव्याचा गाळ काढून ठेवतात तशी, उताराला लावलेली. ताडपत्री धुऊन घडी घातलेली. खडीतली सगळी काळी घाण तळ्यात उतरली होती, आणि तळं पुन्हा मुलूखिया, यावेळी कढवलेली.

सअदावी छातीवर हात ठेवून म्हणाला, मुळासकट, बाशमुहंदिस, एक काडी दिसणार नाही! मग माझ्या कानातल्या कापसाशी तोंड आणून म्हणाला, इंजिनियर मॅडम पाहणीला येणार आणि तुमच्या दारात बोरू माजलेले? तुमची पाठ चालत नाही, तुम्ही तोंडाने सांगणार नाही, पण चिठ्ठी वाचल्यावर मला कळलं. तुमची इभ्रत ती आमची इभ्रत. आणि पंप चुकून चालूच राहिला होता, तोही काढून धुऊन ठेवलाय. मी म्हणालो, शक्य नाही, बंद काळ आहे.

रमजानच्या उपवासाइतक्या निष्ठेने काम केलं होतं त्यांनी. साहेब यायच्या आदल्या दिवशी बोरू साफ. मीच शिकवलं होतं. एकतीस वर्षं, दर पाहणीच्या आदल्या दिवशी.

मी काय म्हणालो? शाब्बास म्हणालो. चौदाही जणांचा हात हातात घेऊन म्हणालो. 

ते गेल्यावर इन्शिराह आली. पिशवी खाली ठेवली, काठावर बसली, बोटाने पाणी ढवळून पाहिलं. मग म्हणाली, पन्नास दिवस. पहिल्या रमजानपासून एक क्षण बंद केला नव्हता मी तो पंप. तुमचं पाळीपत्रक वाचायची आणि पिन तशीच ठेवायची. नाहिदने शपथ घातली होती तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. कानात काही झालेलं नाही तुमच्या.

मी कापूस काढला. खरंच, गुणगुण ऐकू येत नव्हती.

सोमवार, २१ एप्रिल. शम्म अल-नसीम.

चाळीस माणसं आली. रंगवलेली अंडी, कांदे, फसीख. या वेळी नाक धरून कोणी पळालं नाही, सवय झाली असावी.

रीहाम मॅडम आल्या. काठावरून एक फेरी मारली आणि म्हणाल्या, अख्ख्या भागात इतकी स्वच्छ जागा पाहिली नाही, बोरूचं नावनिशाण नाही. सअदावी फुगून दुप्पट झाला. मग त्यांनी माझं पत्र बाहेर काढलं आणि विचारलं, यात ज्या बोरूंनी पाणी निवळतं म्हटलंय ते कुठे आहेत? मी फाटकाशी रचलेल्या मोळ्यांकडे बोट दाखवलं. अठरा मिनिटांचं भाषण खिशातच राहिलं. मॅडमनी आणखी एक अंडं घेतलं.

चार वाजता थाळी. इन्शिराहने स्वतः सोडली. तीन बोटांवर दिसेनाशी झाली. दोरी सुटत गेली, पाचवी गाठ पाण्याला लागली, दोरी सैल पडली. चाळीस माणसं वाकली. 

इन्शिराह सरळ उभी राहिली आणि म्हणाली, दिसली.

फिक्री म्हणाला, कुठे? ती म्हणाली, ती काय तिथे. तो म्हणाला, आपा, मला तर काहीच दिसत नाही. ती म्हणाली, तुझे डोळे कधी धड होते? लहानपणी गाढव समजून शेखसाहेबांच्या काळ्या जुब्ब्याला दावं बांधायला गेला होतास! सगळे हसले. नाहिद म्हणाली, मलाही दिसते, निळी रेघसुद्धा. सअदावी पालथा पडून पाहत होता, तो ओरडला, वल्लाही, आरशासारखी! टोळीतल्या चौदाही जणांना दिसली. रीहाम मॅडम अंडं सोलत म्हणाल्या, हो, काहीतरी पांढरं आहे खरं.

फिक्री एकटा पडला. तो माझ्याकडे वळला, आणि मी कबूल करतो, वाईट नव्हता त्याचा चेहरा. म्हणाला, अबू नाहिद, तुम्ही सांगा. तुम्ही दिसते म्हणालात तर मी ट्रॅक्टरचं नाव काढणार नाही.

एकच शब्द बोलायचा होता. जन्मभर मी कुठेच न पोचलेलं पाणी रिपोर्टात पोचवलेलं आहे, हिरव्या शाईने, सही करून. मी इन्शिराहकडे पाहिलं. तिची बाही कोपरापर्यंत भिजली होती, दोरी हातात घट्ट धरली होती, आणि जी बाई भाजीवालीशी पण कधी खोटं बोलत नाही ती चाळीस माणसांसमोर माझ्यासाठी खोटं बोलून ताठ उभी होती. मला तिची इतकी माया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की तोंडातून निघून गेलं, मला नाही दिसत.

इन्शिराहने दोन्ही हात कपाळावर मारले. म्हणाली, अडतीस वर्षं मला थापा मारल्यात, खात्याला थापा मारल्यात, स्वतःला मारल्यात, आणि खरं बोलायला आजचाच दिवस सापडला होय तुम्हाला!

हात कपाळावर गेले तेव्हा दोरी सुटली.

उद्या सकाळी आठ वाजता फिक्रीचा ट्रॅक्टर येतोय. थाळी तळ्यातच आहे. ती काढायला मी सहा वाजता पाण्यात उतरणार. इन्शिराह म्हणाली, मीही उतरते, एकट्याला सापडायची नाही. हाताने चाचपडत शोधावी लागेल.